झाकणाचा कट्ट आवाज

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा निघताना खोकल्याच्या औषधाची बाटली मी पिशवीत घालून आणली म्हणून बाबा, तुम्ही रागावलात. "दुकानदार आपलोच माणूस आसा," म्हणालात. एसटी चुकेल म्हणून तेव्हा बोलले नाही. आता नीट सांगते.

बाटली नवीन, कोणी उघडलेली नाही, असं आई म्हणाली. मी झाकण फिरवलं तर आवाजच झाला नाही. पत्र्याचं झाकण पहिल्यांदा उघडताना कट्ट वाजतं आणि खालची रिंग बाटलीच्या गळ्यात राहते. गोव्यात वेर्ण्याला आमच्या औषध कारखान्याच्या पॅकिंग लाईनवर मी दिवसभर तेच बघते. रिंग सुटलेली दिसली की ती बाटली आम्ही बाजूला काढतो, आतलं औषध कितीही चांगलं असो. तुमच्या बाटलीची रिंग आधीच तुटलेली होती. दुकानदाराने काही केलं असं मी म्हणत नाही. पण मधे ती कोणाच्या हातात होती, हे त्यालाही सांगता येणार नाही.

कामाला लागले तेव्हा साहेबांनी एक गोष्ट सांगितली होती. 1982 च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत शिकागोच्या आसपास 7 माणसं गेली. त्यांनी घेतल्या होत्या टायलेनॉलच्या कॅप्सूल. बाबा, तुमच्या तापाच्या गोळीत असतं तेच पॅरासिटामॉल त्यात असतं. कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून डब्या पुन्हा दुकानाच्या फळीवर ठेवल्या होत्या. एका घरात तर मुलगा गेला म्हणून सगळे जमले, आणि त्याचा भाऊ आणि भावजय यांनी त्याच डबीतल्या कॅप्सूल घेतल्या. तिघंही गेले. हे ऐकलं तेव्हा मला आपल्या देवघराशेजारची फळी आठवली. आपल्याकडेही एकाचं औषध सगळे घेतात ना!

टायलेनॉलच्या कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख डब्या परत मागवल्या. त्या खुनांसाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, उघडलेलं लगेच दिसेल असं सील लावायचा नियम तिथे झाला. रिंग, झाकणाखालचा चिकटवलेला कागद, अशा सीलवर त्यानंतर जास्त भर आला. तुमच्या बाटलीवरच्या त्या पत्र्याच्या कडीचं मोल कोणाच्या तरी मरणातून कळलेलं आहे. ती तुटलेली असताना "वाया कशाला घालवायचं" म्हणू नका.

सील शाबूत म्हणजे औषध चांगलंच, असंही नाही. 2025 साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कफ सिरपने लहान मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ते सील बघून कळत नाही. म्हणून दादाचा सोनू सुट्टीत आला की दुकानात विचारून आणलेलं सिरप त्याला देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आई, आता तुझं. गोळ्या पाकिटातून काढून बॉर्नव्हिटाच्या बरणीत ठेवतेस ते बंद कर. पावसात आपल्याकडे मिठाला पाणी सुटतं, गोळीला नाही सुटणार? आणि बाबांची बीपीची गोळी पांढरी, तापाचीही पांढरी. रात्री दिवे गेले की तू कशी ओळखणार? बाबा चार गोळ्या मागतात, दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. दहाची अख्खी पट्टी घ्या, पैसे मी पाठवते. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिही. बहुतेक थेंब उघडल्यावर महिनाभरच चालतात, बाटलीवर काय लिहिलंय ते बघ. फळीवरची ती गेल्या चतुर्थीची बाटली आहे.

बाबा, बिल ठेवलंय का? तुमच्या खिशातल्या डायरीत बघा. मिळालं तर शेजारच्या मुलाकडून फोटो पाठवा. दुकानदार ती बाटली परत घेईल असं वाटतं. नाही घेतली, तर बिल आणि बाटली घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देईन. तुमचं नाव पुढे येईल म्हणून काळजी करू नका, माझं नाव घालते.

खोकला रात्री वाढतो का ते कळवा. रविवारी डॉक्टर नसतात, तेव्हा शनिवारीच जाऊन या.

तुमची,
मनू