कूलरसमोर मांडलेले मोडी कागद

महोदय,

उन्हाळी सुट्टीत नागपुरात लागणाऱ्या ऐतिहासिक प्रदर्शनांसाठी घरोघरची जुनी कागदपत्रे मागून आणतात. हेतू चांगलाच असतो. घात करतो तो कूलर. मे महिन्यात दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सभागृहात कूलर लागला की ती झपाट्याने चढते, रात्री बंद झाला की पुन्हा खाली येते. कागद रोज फुगतो, रोज आकसतो आणि शेवटी पापडासारखा वाकतो. त्यातही भोसलेकालीन मोडी कागदांवरची काजळीची शाई उजेडाने सहसा फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते. कूलरच्या तोंडासमोरचे टेबल तिच्यासाठी सगळ्यात वाईट.

फोटो, वर्तमानपत्रे, रंगीत शाईचे अर्ज यांचे वैर उजेडाशी. त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) जास्त प्रकाश पडू नये. हे नुकसान साचत जाते : ५०० लक्सच्या फोकसखालचे ९ दिवस म्हणजे ५० लक्सखालचे ९० दिवस. मोजायला लक्समीटरच घ्यावा, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नये.

लॅमिनेशन तर कोणी करूच नये. तापवून चिकटवलेले प्लास्टिक कागद न फाडता निघणे कठीण. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद नुसता सरकवला तरी भागते. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात, त्याही बुटांच्या खोक्यातल्या! असले कोरडे जेल कागदातलाही ओलावा ओढते. ते आधी ५० टक्के आर्द्रतेत मुरवावे लागते आणि पेटीच्या फटी बुजवाव्या लागतात. एवढे जमत नसेल तर चांगल्या स्कॅनची छापील प्रत लावावी व खाली ठळक ‘प्रत’ लिहावे.

मूळ दुखणे प्रदर्शनाच्या कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) आहे. त्यात मंडप, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक, हारतुरे यांचे दर असतात. स्वतंत्र क्युरेटरच्या, म्हणजे प्रदर्शनातल्या वस्तूंची निवड-मांडणी करणाऱ्याच्या, संशोधनाचे मानधन मात्र ‘किरकोळ’मध्ये, आणि पेट्यांचा तर पत्ताच नसतो. आयोजकांनी निदान अवस्था-नोंदीचे कलम घालावे. उसना कागद ताब्यात घेताना दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक फाटीची मिलिमीटरमध्ये लांबी, डागांच्या जागा आणि मालकाची सही; परत देताना तोच तक्ता समोर ठेवून पुन्हा तपासणी व दुसरी सही.

– एक स्वतंत्र इतिहास संशोधक व क्युरेटर, नागपूर