आखूड म्हणजे किती? केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री,
भारत सरकार

विषय : बंदिस्त गोठ्यातल्या जनावरांची जागा आणि मोकळीक नियमात आकड्यांनी लिहिण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गाडीला जुंपलेल्या बैलाने किती राबावं हे आपल्या कायद्याला पक्कं ठाऊक आहे. १९६५ च्या नियमांत ते लिहून ठेवलंय : दिवसाला नऊ तास, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या पुढे गेला तर दुपारी बारा ते तीन जू उतरवायचं. गुरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चे. एका ट्रकमध्ये सहाच्या वर गुरं भरायची नाहीत, असं ते सांगतात. आता याच नियमांच्या चळतीत शोधून पाहा, आयुष्यभर गोठ्यात उभ्या असलेल्या म्हशीला दिवसातून किती वेळ सोडायचं ते. रस्त्यावरच्या काही तासांसाठी आकडा आहे. उरलेल्या आयुष्यासाठी 'वाजवी' हा एक शब्द आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याचं कलम ११ मी पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीभर जवळ बाळगलं. हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात जनावर कोंडणं हा गुन्हा. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड दाव्याने, साखळीने, अवाजवी काळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. वाचताना बरं वाटतं. पण एकदा एका मोठ्या गोठ्याच्या तपासणीत मी लिहिलं, "दावी आखूड आहेत, जनावराला मान वळवून अंग चाटता येत नाही." कागद वरून परत आला. समासात शेरा होता : "आखूड म्हणजे किती?" त्या साहेबांवर मला राग धरता आला नाही. आकडा त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडे नव्हता आणि कायद्यातही नव्हता. प्रकरण तिथेच थांबलं.

आणि गुन्हा शाबीत झाला असता तरी काय? पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली ही रक्कम टोचत असेल. जल्लीकट्टू या तमिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या खटल्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडून जरब बसेल अशा दुरुस्तीची अपेक्षा व्यक्त केली. आपल्याच खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो मार्गी लागावाच. पण दंड पन्नास हजार केला तरी 'आखूड म्हणजे किती' हा शेरा जागच्या जागीच राहतो, म्हणून या पत्रात मी दंडासाठी भांडत नाही.

खुंट्याला कायम बांधलेलं जनावर ओरडत नाही, हीच अडचण आहे. ते फक्त बसतं-उठतं, तेही एकाच जागी. न झिजल्याने खुरं वाढून चप्पलेसारखी पुढे येतात. कडक फरशीवर ढोपरं सुजतात. शेण-मुतात कास टेकते आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. म्हशीचा माज, म्हणजे फळण्याची वेळ, मुळातच मुका. मोकळ्या जनावरांत निदान दुसरी अंगावर चढली की कळतं, दावणीला ओळीने बांधलेल्यांत तेही दिसत नाही. माज चुकला की एकवीस दिवस गेले, आणि असे तीन-चार चुकले की मालक म्हणतो, म्हैस भाकड निघाली. भाकड तिला आपणच केलेलं असतं. पाण्याचंही तसंच : तहान लागेल तेव्हा नव्हे, गडी बादली आणेल तेव्हा.

याला उतारा परदेशातून आणायला नको. मुक्त संचार गोठा हा शब्द आज महाराष्ट्रातल्या दूधवाल्यांना कोणी समजावून सांगत नाही. मध्ये गव्हाण, कडेला पाण्याचा हौद, थोडं छप्पर, बाकी कुंपण घातलेलं मोकळं आवार. जनावर बांधायचं ते धारेपुरतं. मापंही तयार आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या शिफारशी आमच्या अभ्यासात होत्या : गायीला छताखाली साडेतीन आणि उघड्यावर सात चौरस मीटर, म्हशीला चार आणि आठ. परीक्षेत हे आकडे विचारतात. ते चुकले तर विद्यार्थ्याचे गुण जातात, गोठेवाल्याचं काहीच जात नाही.

ज्यांना बांधूनच ठेवायचं आहे त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडने केलं तसं करता येईल. तिथे बांधण्यावर बंदी नाही, पण दिवस मोजले जातात. बांधलेल्या गुराला वर्षातून किमान ९० दिवस बाहेर सोडायचं, त्यातले ६० हिरव्या हंगामात आणि ३० थंडीत. सलग दोन आठवड्यांच्या वर आत ठेवायचं नाही आणि सोडलेल्या दिवसांची नोंद वहीत करायची. आमच्यासारख्या तपासणीवाल्याला वही दिली की निम्मं काम होतं.

कोंबड्यांच्या बाबतीत आपल्याकडे निदान आकडा तरी मांडला गेला. अंड्यांच्या कोंबडीला पिंजऱ्यात ५५० चौरस सेंटिमीटर, हे केंद्राच्या २०१९ च्या मसुद्यात होतं. हे पत्र ज्या ए-फोर कागदावर लिहितोय तो सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा आहे. माप तोकडंच, पण माप आहे म्हणून त्यावर वाद तरी घालता येतो. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे (कोंबड्यांचे ओळीने मांडलेले तारेचे अरुंद पिंजरे) बंद करायचं १९९९ मध्ये ठरवलं आणि मुदत दिली १ जानेवारी २०१२ ची. एवढी वर्षं देऊनही तो दिवस उजाडला तेव्हा तेरा देश तयार नव्हते. पण तारीख ठरलेली होती, म्हणून त्या तेरांना नोटिसा काढता आल्या.

दारात दोन गायी बांधून, दिवसा बांधावर चारून आणणाऱ्या बाईला या नियमात ओढू नका, ही माझी पहिली अट आहे. तिची गाय चालते, फिरते. नियम दहा किंवा अधिक दुभती जनावरं असलेल्या गोठ्यांपासून सुरू व्हावा. शहरांतल्या तबेल्यांना जागेअभावी वेळ लागेल, तो द्यावा. शिंगांचाही प्रश्न खराच आहे. मोकळ्या आवारात दांडगी म्हैस गरीब म्हशीला गव्हाणीजवळ येऊ देत नाही, पोटात शिंग घालते. त्यासाठी आवार दाटीचं नको आणि दुबळ्यांचा कप्पा वेगळा लागतो. मोकळं सोडलं की सगळं आपोआप बरं होतं असं सांगणाऱ्यांनी बहुधा गोठा झाडलेला नसतो.

त्याच १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३८ खाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. बैलाचे तास आणि ट्रकमधली सहा गुरं त्याच अधिकारातून आली. तेव्हा नवा कायदा मागत नाही. दर जनावरामागे जागा, दाव्याची कमीत कमी लांबी, रोज सोडण्याचा वेळ आणि जुन्या गोठ्यांना बदलायची शेवटची तारीख, एवढं एका मसुद्यात लिहून तो हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. माझ्या सूचना मी टपालाने पाठवीन. तो परत आलेला कागद अजून माझ्याजवळ आहे, त्याची झेरॉक्सही सोबत जोडीन.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक