जुन्या इंग्रजी कागदांना आजचे अर्थ लावू नयेत

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातील जुन्या जलव्यवस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका नुकतीच वाचनात आली. ब्रिटिशकालीन अहवालांतील उतारे मराठीत आणण्याचा तिच्यातील प्रयत्न स्तुत्य आहे. मात्र भंडारा भागात कोहळी समाजाने बांधलेल्या ‘टाक्यां’वर धानाची शेती होत असे, अशा आशयाची वाक्ये तिच्यात जागोजागी आहेत. मूळ इंग्रजीतला शब्द ‘टँक’ आहे आणि त्या काळी हिंदुस्थानात लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ तलाव असा होता. ज्यांना आपण आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, तेच हे. आपल्या नागपुरातला जुम्मा तलावही इंग्रजी कागदांत ‘जुम्मा टँक’ म्हणूनच येतो. पाळ, सांडवा आणि पाटाचे पाणी यांच्याऐवजी गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणून वाचणाऱ्या मुलाला पूर्व विदर्भाच्या सिंचनाचा इतिहास कसा कळावा?

मोबाइलवर क्षणात भाषांतर मिळू लागल्यापासून असे प्रकार वाढत चालले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना नव्हे. परदेशी राहून व्यापार पाहणाऱ्या कंपनीच्या गुमास्त्याला ‘फॅक्टर’ म्हणत आणि असे गुमास्ते जिथे राहत व माल साठवत, ती ‘फॅक्टरी’. आपल्या इतिहासकारांनी त्यासाठी ‘वखार’ हा नेमका शब्द रूढ केला, म्हणूनच १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरात लुटली ती इंग्रजांची वखार होती, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आता मात्र तोच प्रसंग इंग्रजीतून वाचणारे विद्यार्थी ‘राजापूरचा कारखाना’ असे लिहू लागले आहेत. तिथे काय तयार होत होते, असे विचारले की त्यांच्याकडे उत्तर नसते.

१८१५ साली इंग्लंडमध्ये झालेले आणि १८४६ मध्ये रद्द झालेले ‘कॉर्न लॉज’ हे प्रामुख्याने गव्हासारख्या धान्याच्या आयातीवरचे निर्बंध होते, मक्याचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. ‘कॉर्न’ म्हणजे मका हा अर्थ अमेरिकेतून आला. इंग्लंडात तो शब्द धान्यमात्राला, विशेषतः गव्हाला लावत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही धान्याच्या अर्थाने ‘कॉर्न’ वारंवार येतो, त्यामुळे तो कोश चाळताना मराठी शब्दाइतकेच त्याच्या अर्थाचे इंग्रजीही जपून वाचावे लागते. ‘वाँट’ या शब्दाने होणारा घोटाळा याहून गंभीर आहे, कारण त्याचा मूळ अर्थ उणीव किंवा अभाव, आणि इच्छा हा नंतरचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांताने काय सोसले ते समजून घ्यायचे, तर ‘फॉर वाँट ऑफ रेन’ म्हणजे ‘पावसाअभावी’ हे आधी कळायला हवे. माणसांच्या ‘वाँट’विषयी लिहिलेले असते तिथे त्यांच्या इच्छांची नव्हे, उपासमारीची आणि हलाखीची नोंद असते.

जुन्या पिढीच्या भाषांतरकारांनी हे भान उत्तम राखले होते. भारतीय दंड संहितेतील ‘मिस्चिफ’ आजच्या बोलण्यात खोडकरपणा वाटतो, पण १८६० सालच्या त्या कायद्यात त्याचा अर्थ मालमत्तेची जाणूनबुजून केलेली हानी असा आहे आणि मराठी पाठात त्यासाठी ‘आगळीक’ हा शब्द योजला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही ‘मिस्चिफ’ कायम आहे. आपल्या पासपोर्टवरील विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे शब्द आहेत. त्यातला ‘लेट’ म्हणजे परवानगी देणे नव्हे, तर अडवणे. हे दोन निरनिराळे जुने शब्द असून काळाच्या ओघात त्यांचे रूप एक झाले. शेजारचा हिंदी मजकूर ‘बिना रोक-टोक’ असा अगदी बरोबर आहे.

यावर उपाय अवघड नाही. १८५७ साली, म्हणजे मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत एका नव्या इंग्रजी कोशाचा विचार सुरू झाला. पुढे जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचे भाग १८८४ पासून निघू लागले आणि १९२८ साली, मरे यांच्या निधनानंतर, पहिली आवृत्ती पूर्ण झाली. तोच आजचा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या काळात प्रचलित होता, हे तो सालवार उदाहरणांनिशी दाखवतो. हिंदुस्थानातील इंग्रजीसाठी युल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ आहे. इतिहास, कायदा आणि भाषांतर शिकवणाऱ्या नागपुरातील प्रत्येक महाविद्यालयाने हे दोन्ही कोश कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवावेत, आणि कागदाचे साल पाहून मगच अर्थ ठरवण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून लावावी.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. जुन्या गॅझेटियरमधील किंवा कंपनीच्या पत्रव्यवहारातील उतारे आपण मराठीत छापता, तेव्हा शंकास्पद शब्दाचे मूळ रूप देवनागरीत तळटीपेत द्यावे, म्हणजे जाणकार वाचकाला चूक दाखवता येईल. वऱ्हाड-नागपूरच्या महसुली कागदांत नेहमी येणाऱ्या अशा शब्दांची सूची आपण क्रमशः प्रसिद्ध करणार असाल, तर ती तयार करून देण्याचे काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी आनंदाने करू.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका,
धंतोली, नागपूर