लॉगमधल्या पंचवीस ओळी

प्रिय ताई,

तुम्हाला हे आठवतही नसेल. वेबसाइटसाठीच्या पीएचपी भाषेत क्लास लिहायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि माझं कार्टचं पान उघडेपर्यंत चहा घेऊन येता यायचा. मी सर्व्हरच्या नावाने खडे फोडत होतो. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, ग्राहकाची सवलत डेटाबेसमधून शोधणाऱ्या फंक्शनमध्ये लॉगची एक ओळ टाकलीत, म्हणजे दर शोधाला एक नोंद व्हावी, आणि म्हणालात, "आता रिफ्रेश कर. एकदाच."

कार्टमध्ये तेवीस वस्तू. लॉगमध्ये पंचवीस ओळी! वस्तूगणिक एक, एकूण बेरजेची एक, हेडरमधल्या छोट्या कार्टची एक. ग्राहक तोच, सवलत तीच, आणि मी डेटाबेसला पंचवीसदा तेच विचारत होतो.

एकदा मिळालेलं उत्तर ऑब्जेक्टच्या प्रायव्हेट प्रॉपर्टीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवायचं, हे मी लगेच केलं. (याला मेमोआयझेशन म्हणतात आणि डोनाल्ड मिची यांनी ते १९६८ सालीच मांडलं होतं, हे नंतर कळलं. मी आपला शोध लावल्यासारखा खूश.) माझ्या खात्यावरून पान उघडलं, एकच ओळ. तुमच्या खात्यावरून उघडलं, परत पंचवीस.

मी रात्रभर डोकं खाजवलं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मला सवलत आहे का?" नव्हती. मग फंक्शन नल, म्हणजे 'काहीच नाही' असं उत्तर द्यायचं, मी तो नल जपून ठेवायचो आणि कप्प्यात काही आहे का हे पुढच्या वेळी पीएचपीच्या इझसेटने तपासायचो. इझसेटच्या लेखी नल म्हणजे काही ठेवलेलंच नाही! "अरे, 'नाही' हेही उत्तरच की," म्हणत तुम्ही शेजारी दुसरी प्रॉपर्टी लिहिलीत: शोधून झालं का, ट्रू की फॉल्स. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना सवलत नसायचीच, म्हणजे रखडत होती तीच मंडळी.

मग उत्साहाच्या भरात मी सगळं स्टॅटिक, म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच कप्पा, करायला निघालो, तेव्हा तुम्ही थांबवलंत. पान देऊन झालं की पीएचपी सगळं विसरतं, पण रात्री बिलं काढणारा वर्कर प्रोग्राम तासन् तास चालूच राहतो. पहिल्या गिऱ्हाइकाची सवलत पुढच्या सगळ्यांच्या बिलात गेली असती, आणि सकाळचे फोन मलाच घ्यावे लागले असते.

त्या दिवशी तुम्ही डबा साडेतीनला उघडलात. मी मात्र "झालं, झालं" म्हणत कोड चढवायला पळालो. तेव्हाचं राहिलेलं थँक्यू आज घ्या.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा