क्रमवारीच्या चाळणीत अडकलेले सार्वजनिक आरोग्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशातील उच्च शिक्षणासाठी राज्य आणि केंद्र शासन ज्या शिष्यवृत्त्या देते, त्यांतील एका अटीकडे आपल्या दैनिकामार्फत संबंधित खात्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही अट ‘क्यूएस’ या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची आहे. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि तिच्या धर्तीवर अन्य प्रवर्गांसाठी सुरू झालेल्या राज्याच्या योजनांत विद्यापीठ या क्रमवारीत पहिल्या ठरावीक क्रमांकांत असावे लागते; ही मर्यादा कधी ३०० तर कधी २०० राहिली आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये ती ५०० आहे. अभियांत्रिकी, संगणक किंवा व्यवस्थापन शिकायला जाणाऱ्यांना ही अट फारशी नडत नाही. सार्वजनिक आरोग्यात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही पदव्युत्तर पदवी किंवा तिच्या तोडीची एमएस्सी करू पाहणाऱ्यांची वाट मात्र ती नेमक्या नामांकित संस्थांच्या दारातच अडवते.

याचे कारण क्रमवारीच्या रचनेत आहे. क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत अनेक विद्याशाखा शिकवणारी विद्यापीठेच घेतली जातात. एकाच क्षेत्राला वाहिलेल्या संस्था फार तर विषयवार याद्यांत दिसतात. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण जगात ज्या संस्थांमध्ये रुजले, त्यांतील कित्येक अशाच एकक्षेत्री आहेत. १८९८ साली स्थापन झालेले लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन, १८९९ चे लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि १९०६ पासून चालत आलेली बेल्जियममधील अँटवर्पची इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही त्यांतील ठळक नावे. सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस यांना १९०२ चे नोबेल मिळाले तेव्हा ते लिव्हरपूलच्या याच संस्थेत शिकवत होते. १९७६ मध्ये इबोला विषाणूच्या शोधात सहभागी असलेले पीटर पायोट अँटवर्पचे, आणि पुढे ते लंडन स्कूलचे संचालक झाले. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापकांची सभा दरवर्षी वैद्यकशास्त्राचे नोबेल कोणाला द्यायचे हे ठरवते, पण आपल्या शिष्यवृत्तीच्या कागदावर त्या संस्थेलाही क्रमांक नाही!

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवत होतो. निवृत्तीनंतरही शिफारसपत्रे लिहिण्याचे काम सुटलेले नाही. बीएएमएस झालेल्या आणि नंदुरबार जिल्ह्यात फिरत्या वैद्यकीय पथकात काम केलेल्या एका विद्यार्थिनीला लंडन स्कूलचा विनाअट प्रवेश मिळाला होता. कुपोषित बालकांच्या नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये एक आणि अंगणवाडीच्या वहीत दुसऱ्या का असतात, हा तिने अर्जात मांडलेला प्रश्न होता. परीक्षकांना तो भावला असावा. पुढे एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यापीठाच्या क्रमांकाचा रकाना आला. तो मोकळा ठेवता येत नव्हता आणि भरायला आकडा नव्हता. चौकशी केल्यावर ‘यादीत नाव नाही, म्हणजे अपात्र’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर तिने क्रमवारीत बसणाऱ्या दुसऱ्या एका विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे सार्वजनिक आरोग्य हा वैद्यकीय विद्याशाखेचा लहानसा कोपरा आहे आणि तिला हवा असलेला पोषणविषयक अभ्यासक्रम तर नाहीच. शासनाचा पैसा वाचला असेही नाही. तो कमी उपयोगाच्या ठिकाणी गेला, इतकेच.

अट मुळात का घातली, हे समजण्यासारखे आहे. परदेशात नावापुरती विद्यापीठे पुष्कळ आहेत, विद्यार्थी पाठवण्याबद्दल विद्यापीठाकडून कमिशन घेणारे एजंट आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत, आणि सार्वजनिक पैसा खर्च करताना अधिकाऱ्याला बोट ठेवायला काहीतरी निकष लागतो. पण निकष काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. विषयाला लागू पडणारा निकष लावा, एवढेच मागणे आहे. शांघाय रँकिंग या दुसऱ्या जागतिक क्रमवारीच्या विषयवार यादीत ‘पब्लिक हेल्थ’ हा स्वतंत्र विषय असून लंडन स्कूल तिथे अगदी वरच्या संस्थांत असते. सार्वजनिक आरोग्याच्या अर्जांपुरती ही यादी ग्राह्य धरता येईल. ते नको असेल, तर राज्याच्या आरोग्य विभागाने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मिळून पंधरा-वीस संस्थांची यादी करावी व दर दोन-तीन वर्षांनी ती तपासावी.

संस्थेचे नाव घालून तरतूद करण्याची शासनाला सवय नाही, असेही नाही. शाहू महाराज योजनेत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी स्वतंत्र तरतूद केलेली होती. डॉ. आंबेडकर तिथे शिकले असल्याने ती सर्वथा उचितच होती. तिथून लंडन स्कूल ऑफ हायजिनची इमारत पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, आणि तेवढ्या अंतरात आपली योजना थांबते.

वेळापत्रकाची तक्रार जुनी आहे, पण ती याच प्रश्नाला जोडून येते. अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक आरोग्य शाळांचे अर्ज ‘सोफस’ या एकाच सेवेमार्फत जातात आणि त्यांतील अनेकांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. ब्रिटनमध्ये वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात. त्याआधी पुष्कळ ठिकाणी अनामत भरल्याशिवाय व्हिसासाठीचे प्रवेशपत्र मिळत नाही, आणि स्वतःचा पैसा दाखवायचा तर तो बँकेत सलग २८ दिवस असावा लागतो. शासकीय शिष्यवृत्तीचे अधिकृत पत्र असेल तर हा पैसा दाखवण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे जाहिरात बहुधा ऐन उन्हाळ्यात निघते आणि निवड यादी लागेपर्यंत तिकडे सत्र तोंडावर आलेले असते. ज्या कुटुंबाकडे गहाण ठेवायला काही नाही, त्याच्यासाठीच ही योजना असताना, मधल्या दोन महिन्यांत अनामत आणि व्हिसा शुल्काची सोय त्याच कुटुंबाने कुठून तरी करावी, अशी अपेक्षा त्यात गृहीत धरली आहे. जाहिरात जानेवारीत काढून निवड झालेल्यांना मे अखेरपर्यंत तात्पुरते हमीपत्र दिले, तर हा बहुतेक गुंता सुटेल. त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही.

शिष्यवृत्ती हुकली तर कर्ज काढावे, हा सल्ला या विषयात फार जपून द्यावा लागतो. लंडनमधील एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च मिळून रक्कम सहज ४० लाखांच्या पुढे जाते. ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे ४० लाखांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये येतो. संगणक अभियंता असा हप्ता पेलू शकेल. परत येऊन एखाद्या जिल्ह्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदावर काम करणाऱ्याचे मानधन त्या हप्त्यातच संपून जाईल, आणि मग तो परत येणारच नाही किंवा आला तर मोठ्या शहरातील सल्लागार कंपनीत बसेल. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते हे खरे, पण ती प्रणाली निवडणाऱ्या आणि कर भरण्याइतके उत्पन्न असणाऱ्यालाच तिचा उपयोग.

इथे कोणी विचारील, की परदेशी जायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना मी देशातच शिका असेच सांगतो. कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ १९३२ पासून हे काम करीत आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्राचा एमपीएच १९९७ मध्ये सुरू झाला. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि आपले पुणे विद्यापीठ येथेही उत्तम अभ्यासक्रम आहेत, आणि खर्च परदेशाच्या काही अंशानेच. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी बिनतारण कर्ज मिळते, तसेच वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. ज्याला तालुका किंवा जिल्हा पातळीवर काम करायचे आहे, त्याला एवढे शिक्षण पुरेसे आहे. पण रोगप्रसाराचे गणिती प्रारूप, लसींच्या चाचण्यांची आखणी किंवा आरोग्याचे अर्थशास्त्र या शाखांत शिकवणाऱ्यांचीच आपल्याकडे वानवा आहे, आणि उद्याचे शिक्षक तयार करायचे तर काही जणांना बाहेर पाठवावेच लागेल. केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संवर्ग उभारण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्या संवर्गात नेमायची माणसे कुठे शिकून येणार, याचा विचार शिष्यवृत्त्या देणाऱ्या खात्यांपर्यंत पोचलेला दिसत नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी काय करावे? क्रमवारीची अट नसलेल्या वाटा थोड्या आहेत, पण आहेत. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. अमेरिकेतील शिक्षणासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे, मात्र तीन वर्षांचा अनुभव हवा. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. ती सगळा खर्च भागवत नाही, पण अनामतीची नड भागते. यांतील पहिल्या दोन्हींसाठी परीक्षेतील गुणांइतकेच, अर्जदाराने गावात, वस्तीत किंवा दवाखान्यात प्रत्यक्ष काय केले याला महत्त्व असते, म्हणून पदवी हाती पडताच अर्ज करण्यापेक्षा दोन-तीन वर्षे काम करून मग अर्ज करावा, असे माझे मत आहे. उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) एजंटकडून लिहून घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापासून तर दूरच राहावे. तसल्या पत्रांतील ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ वाचून आम्हीच कंटाळतो, मग तिकडचे परीक्षक किती कंटाळत असतील!

सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास आणि उच्च व तंत्र शिक्षण या चारही विभागांनी पुढील वर्षाच्या जाहिराती काढण्यापूर्वी सार्वजनिक आरोग्यासाठी क्रमवारीच्या अटीला पर्यायी निकष जोडावा आणि अर्जातील तो रकाना ‘लागू नाही’ असे लिहिता येईल असा करावा, ही विनंती. आरोग्य विभागानेही आपल्याला कोणत्या शाखेतील किती तज्ज्ञ लागणार आहेत, याचे टिपण या विभागांना पाठवावे.

आपला नम्र,
पीएसएमचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा