एअरगन घरी असेल तर टार्गेटही घरीच बनवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात बऱ्याच घरी एअरगन असते. आवाजानं माकडं पळतात म्हणून घेतलेली, 4.5 मिमी छर्र्याची, 20 जूलच्या आतल्या ताकदीची, त्यामुळं लायसन्सची भानगड नाही. वावरातली कामं आटपली की पोट्टे तीच घेऊन निघतात अन् मग धुऱ्यावरच्या बाटल्या, खांबावरचे बल्ब आणि सरळच सांगतो, तितर. बाटलीची काच पुढं वखरणीच्या वेळी बैलाच्या खुरात जाते, अन् तितर मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हे पोरांना कोणी सांगतच नाही. नुसतं रागावून काही होत नाही, त्यांना नेम धरायला काहीतरी द्या, आणि ते घरीच बनतं म्हणून हे पत्र.

कागद आधी. वहीचं पान घेऊ नका, छर्रा लागला की टरकन फाटतं अन् भोक नेमकं कुठं पडलं ते कळत नाही. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू एक नंबर. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा असतो, म्हणजे छर्र्याहून लहान, मग प्रत्येक वर्तुळाचा व्यास 5 मिमीनं वाढत जातो, काळा भाग 30.5 आणि सगळ्यात बाहेरचं वर्तुळ 45.5 मिमी. अभिनव बिंद्रानं 2008 ला बीजिंगमधे गोल्ड घेतलं ते एवढ्याशा कागदावर! नवीन पोराला मात्र हे जमणार नाही, वैताग येईल, त्याला 10 मीटर एअर पिस्तूलचं टार्गेट काढून द्या, त्यात दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं अन् बाहेरचं 155.5 चं, त्याला ड्रॉइंग शीट लागेल.

खरं काम मागच्या पेटीचं आहे. संत्र्याची लाकडी पेटी घ्या, आतमधे मागच्या बाजूला जाड लोखंडी पत्रा लावा पण उभा सरळ नाही, वरची कड आपल्याकडं झुकलेली पाहिजे म्हणजे छर्रा आदळून खाली पडतो, तोंडावर येत नाही. पुढची जागा जुन्या कपड्यांनी, बारदान्यानं ठासून भरा, एकदम गच्च. पेटीमागं काळ्या मातीचा उंच ढीग घाला, मुरुम नको, त्यात गोटे असतात अन् छर्रा कुठंही उडतो. टार्गेट पेटीच्या तोंडावर लावा, त्याचं सेंटर जमिनीपासून 1.40 मीटरवर, अंतर दोरीनं मोजून 10 मीटर, आणि ढिगाच्या मागं पायवाट किंवा गोठा नाही हे आधी स्वतः जाऊन बघा.

पोरांना टण्ण आवाज पाहिजे असतो, तेही बरोबर आहे. वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचा तळहाताएवढा तुकडा कापून साखळीला लटकवा, थोडा पुढं झुकलेला. त्याला खड्डे पडले की लगेच बदला, कारण खड्ड्यातून छर्रा उलटा येतो. लोखंडी गोळ्या यावर अजिबात नको, शिशाचेच छर्रे, आणि टायरवर तर कोणीच मारू नका, रबर गोळी परत फेकतं. डोळ्याला फवारणीचा चष्मा लावा, घरात पडलेलाच असतो. शिसं विषारी आहे, म्हणून पेटीतले छर्रे वेचून डब्यात बंद करा, कोंबड्यांना सापडू देऊ नका, अन् हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, 2024 ला पॅरिसमधे 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून अन् उभं राहून नेम धरायचा) ब्राँझ आणलं त्यानं. आमच्या पोरांना रेंज लांब पडते हे मान्य, पण दहा मीटर जागा कोणत्या वावरात नाही? एक मोठा माणूस शेजारी उभा राहिला पाहिजे, बस्स.

तुम्हाला एकच विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत एका कोपऱ्यात ही दोन्ही टार्गेटं खऱ्या मापात छापा, जागेसाठी लहानमोठी करू नका, बाजूला 50 मिमीची एक रेघ द्या म्हणजे झेरॉक्स काढल्यावर पट्टी लावून माप तपासता येईल. पेपरचा कागद पातळ असतो पण खळीनं पत्रिकेवर चिकटवला की काम होतं.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ