दुसरी सायकल ठरवून देणाऱ्या काकांना जाहीर धन्यवाद

ती. काकांना सा. न.

समोर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, लगेच हातात पंप देऊन कामाला लावता. म्हणून हे पत्र. तुमच्या कोथरूडच्या दुकानात पंक्चर आणि सर्व्हिसिंग सोडून काही होत नाही, विकायला एकही सायकल नसते. तरी माझी दुसरी सायकल ठरली ती तिथेच.

पहिली रोड बाइक चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी अशी डांबरावर झकास पळते. पण धरणाकडेचा मुरुमाचा फाटा लागला की 25 मिमीच्या टायरवर उतरून ढकलायची पाळी. जाड टायर टाकून भागेल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रिमब्रेकच्या कमानीवर बोट ठेवलंत. तिच्याखाली 28 च्या वर काही शिरणार नव्हतं. विषय संपला.

मग तुम्ही बजेट नाही, रस्ते विचारलेत. डांबर किती, मुरूम किती, सुटी खडी कुठे, पावसात जाणार का? बराचसा रस्ता डांबरी म्हटल्यावर एमटीबी, म्हणजे डोंगरातली माउंटन बाइक, बाद झाली. पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावलेली स्वस्त हायब्रिडही (रोड बाइक नि एमटीबीच्या मधली) बाद. तो नुसता वजन वाढवतो, चढावर उभं राहून पायडल मारलं की खालीवर डुलतो आणि बारीक खडीची थरथर तशीच हातात येते. ती मोडायला जाड टायर आणि कमी हवा हवी, हे तुमचं म्हणणं.

सुट्टीच्या दिवशी शोरूमला सोबत आलात, हे तर मी मागितलंही नव्हतं. तिथला मुलगा एका बोटावर सायकल उचलून वजन दाखवत होता. तुम्ही खाली बसलात, खिशातली 6 मिमीची अ‍ॅलन की काढलीत आणि टायर नि फ्रेमच्या फटीत सरकवून पाहिलीत. पुढे गेली, मागे अडकली. ‘चिखल इथे भरणार आणि चाक जाम होणार,’ एवढं म्हणून पुढच्या सायकलीकडे. वजनाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

गिअरवर मात्र अडून बसलात. पुढे 34 दाते, मागे 34 म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी, सायकल सुमारे 2.2 मीटर पुढे. पुढे 30 असले तर साधारण 1.95. कागदावर वीतभर फरक, पण ताम्हिणीच्या बाजूला सुट्या दगडांच्या चढावर मागचं चाक घसरू न देता बसल्या जागी पायडल फिरवता येतं ते त्या वीतभरामुळे. मी 30 वाली घेतली. टायर 40 चे, डिस्कब्रेक केबलवाले, म्हणजे वाटेत माझे मला आवळता येतात.

हवेचं तुमचं गणितही जमलं. जुनीत 85 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरते, हिच्यात 38. मडगार्डवरून मात्र आपलं जमणार नाही. मडगार्ड बसवायची भोकं असलेली फ्रेम घेतली, तुमचा मान राखला. मडगार्ड जूनपर्यंत माळ्यावरच राहणार.

त्या दिवसाचे पैसे विचारले तर म्हणालात, ‘सर्व्हिसिंगला इकडेच आणायची.’ आणणारच. मागचा ब्रेक दोन दिवस किंचाळतोय, शनिवारी सकाळी येते.

तुमची,
दोन सायकलवाली